इन्शुलिन आणि उपवास
प्रौढपणी जडणाऱ्या, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात इन्शुलिन नेहमीच्याच मात्रेत टोचून घ्यावयाचे आणि एकादशीही धरावयाची, ही चूक अनेक घरांतून घडते. इन्शुलिन रक्तातील साखर उतरवीतच राहते. दरदरून घाम, हातांस कंप, अकारण चिडचिड जाणवल्यास, अथवा तपासणीत साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली आढळल्यास, चहाचे तीन भरलेले चमचे (सुमारे १५ ग्रॅम) साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यावी. उपवास मोडेल म्हणून वडीलधारी मंडळी नाकारतात. वस्तुतः साखर उपवासास चालतेच! पेढा मात्र देऊ नये, स्निग्धांशामुळे त्यातील साखर रक्तात सावकाश मिसळते. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. सुधारणा नसल्यास तेवढीच साखर पुन्हा द्यावी. बरे वाटल्यावर काही खावे. रोगी बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही न घालता कुशीवर निजवून तत्काळ रुग्णालयात न्यावे. उपवासाच्या दिवसाची मात्रा डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावी. आपल्या मनाने इन्शुलिन बंद करू नये.