ताटाची डावी बाजू

थंडी पडली की रिसोडच्या बाजारात मेथीच्या जुड्यांचे ढीग लागतात. शेजारी मुळे, पातीचा कांदा, सांभार, भेदरं. आपण पिशवी भरून भाजी नेतो आणि घरी गेल्यावर ती जवळजवळ सगळी कढईत जाते. कच्चं म्हणून ताटात उरतात त्या कांद्याच्या दोन फोडी, त्याही मोठ्यांच्या. मुलांच्या ताटाची डावी बाजू बहुतेक घरांत रिकामीच असते. आईबाबांनो, आज त्या रिकाम्या जागेविषयी तुमच्याशी बोलायचं आहे.

मुलं हल्ली सॅलड मागतात. मोबाइलवर बघतात, लग्नाच्या पंगतीत बघतात, आणि मग त्यावर ओतायची सॉसची बाटलीही मागतात. नाही म्हणू नका. फक्त दुकानात ती बाटली मुलाच्या हातात द्या आणि मागची घटकांची यादी मोठ्याने वाचायला लावा. जो घटक वजनाने सगळ्यांत जास्त, तो यादीत पहिला, असा आपल्याकडे नियम आहे. तेल कितवं, साखर कितवी, हे त्याचं त्यालाच कळेल. मग सांगा, चल, आपलं आपण घरी करू, आणि ते तू करायचं.

वऱ्हाडात हे काही नवं नाही. वावरातल्या न्याहारीला भाकरीबरोबर घोळाणा कितीतरी पिढ्या खाल्ला जातो आहे. मेथीचा, पातीच्या कांद्याचा, हरभऱ्याच्या कोवळ्या शेंड्यांचा. चूल पेटवायची गरज नाही, म्हणून मुलांच्या हाती निर्धास्त सोपवावा असा हा पदार्थ आहे. चिरण्याचं काम तेवढं तुम्ही करा.

कोवळी मेथी निवडून, तीन-चार पाण्यांतून धुऊन, कापडावर चांगली कोरडी करा. पालेभाजी मातीलगत वाढते, त्यामुळे कच्ची खाताना धुण्यात आळस नको. मग बारीक चिरलेली मेथी, कांदा आणि भेदरं परातीत घ्या आणि पुढचं मुलावर सोडा. आधी दोन चमचे कच्चं फल्लीचं तेल. ते पानांना हलक्या हाताने लागलं की फल्लीदाण्याचा कूट, थोडं तिखट, अर्धं लिंबू. मीठ अगदी शेवटी, ताटं वाढताना. मीठ आधी पडलं तर पानांतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि घोळाणा लिबलिबीत होतो. एका वाटीत मीठ आधी आणि दुसऱ्या वाटीत शेवटी घालून मुलाला दोन्ही बघू द्या. शाळेत शिकलेलं विज्ञान त्याला परातीत भेटेल.

गाजर-काकडीसाठी दुसरी चव करून ठेवा. जवस मंद भाजून, मीठ-तिखट घालून कुटायचं आणि लागेल तसं घट्ट दह्यात कालवायचं. अख्खं जवस बरंचसं न पचताच बाहेर पडतं, म्हणून कुटणं महत्त्वाचं. शरीराला बाहेरूनच मिळवावी लागणारी ओमेगा-३ गटातली चरबी त्यात भरपूर असते. गाजरातलं कॅरोटीनही सोबत थोडी चरबी असेल तरच नीट अंगी लागतं. तेव्हा कोशिंबिरीवरची चमचाभर फोडणी ‘तेलकट’ म्हणून टाळू नका. आपल्या आज्यांनी तिचं प्रमाण नेमकं ठेवलं होतं.

हा आग्रह एवढ्यासाठी, की २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या दर १०० मुलांपैकी जवळपास ६९ मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. मन घाबरून जावं असा हा आकडा आहे. हिमोग्लोबिनला लोह लागतं, पण मेथी, डाळ, ज्वारी यांतलं लोह शरीर सहजासहजी घेत नाही. लिंबातलं क जीवनसत्त्व त्याला मदत करतं, आणि ते उष्णतेने नासतं. म्हणून लिंबू ताटात पिळायचं, कढईत नाही. (मूल फिकट दिसत असेल, सतत थकत असेल, तर घोळाण्याच्या भरवशावर राहू नका. दवाखान्यात नेऊन रक्त तपासून घ्या.) हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली मोठ्या माणसासाठी दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत, बटाटा सोडून. आपल्या डाव्या बाजूच्या चमचाभर कोशिंबिरीने हा हिशेब जुळणार नाही. तिला वाटी द्यावी लागेल.

मुलाने पहिल्या दिवशी तोंड वाकडं केलं तर? करू द्या. लिअन बर्च या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी लहान मुलांच्या आवडीनिवडीचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. नवा पदार्थ नुसता बघून मुलाला आवडू लागत नाही, तो पुन्हा पुन्हा चाखावा लागतो, असं त्यांच्या १९८७च्या प्रयोगात दिसलं. कितीदा, याला नेम नाही. दहा वेळाही लागू शकतात. तेवढा धीर आपण धरायचा. ‘हे संपवलंस तर मोबाइल देईन’ असला सौदा मात्र कृपा करून करू नका. त्याने भाजी ही शिक्षा ठरते. आणि बाबांनो, मुलांसमोर आधी तुम्ही खा. घरात आई कोशिंबीर वाढते आणि बाबा ती बाजूला सारतात, हे मूल रोज बघतं.

अगदी लहानग्यांना गाजराच्या कडक चकत्या किंवा अख्खे फल्लीदाणे देऊ नका, घशात अडकतात. त्यांना किसून द्या, कूट घाला. आणि घोळाण्यासाठी पाथरीची रानभाजी आणायचं आजीच्या मनात आलं, तर त्या वावरात किंवा धुऱ्यावर तणनाशक फवारलं नाही ना, हे आधी विचारा. सोयाबीनच्या पट्ट्यात हे विचारावंच लागतं. खात्री नसेल तर परसात किंवा जुन्या टोपल्यात मेथी टाका. महिन्याभरात खुडायला येते, आणि स्वतः पाणी घातलेली मेथी मूल सहसा नाकारत नाही.

घोळाणा उरला तर तसाच सकाळपर्यंत ठेवू नका. रात्रीच कणीक आणि ज्वारीच्या पिठात मळून त्याचे धपाटे लावा. मीठ बेतानेच घाला, कारण घोळाण्यात ते आधीच पडलेलं आहे.