आधी गळती शोधा, मग पंप खोला: पद्मिनीच्या वॉटर पंपचं काम आणि त्याचा हिशोब

व्हिडिओत हाताचं काम दिसतं, हिशोब दिसत नाही. म्हणून हा लेख. जुन्या गाड्यांचं गॅरेज टाकायचा विचार असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

उदाहरण घेऊ प्रीमियर पद्मिनीचं. मूळ डिझाइन फियाट ११००चं, इंजिन १०८९ सीसी, गाडी बनायची आपल्या कुर्ल्यात. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या टॅक्सीतून ती निवृत्त झाली, पण हौशी मालकांकडे अजून आहे. हा मालक दुसऱ्याला पटकन सांगतो. काम चांगलं झालं तरी आणि बिघडलं तरी!

१. आधी निदान

पंपाजवळ ओल दिसली म्हणजे पंप गेलाच, असं नाही. फॅन पाणी मागे उडवतो, त्यामुळे गळती एकीकडे आणि ओल भलतीकडे. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचंच नाही, उकळतं पाणी अंगावर येतं. सगळं पुसून कोरडं करा. मग प्रेशर टेस्टर लावा आणि झाकणावर लिहिलेल्या प्रेशरपर्यंतच हवा भरा. जुन्या रेडिएटरला जास्त प्रेशर दिलं, तर नवीनच गळती तयार होईल. १०-१५ मिनिटं थांबा आणि बॅटरी मारून बघा:

- होजच्या टोकाला थेंब: क्लिप किंवा होज.
- पंप आणि ब्लॉकच्या सांध्यातून: पॅकिंग.
- पंपाच्या पोटातल्या बारीक भोकातून: आतलं सील गेलं.
- पुली धरून हलवल्यावर खेळ जाणवला: बेअरिंग गेलं.

ते बारीक भोक सील गेल्याची खबर देण्यासाठीच ठेवलेलं असतं. काही जण ते पुट्टीने बुजवतात. मग पाणी बेअरिंगमध्ये जातं आणि पंप जाम होतो. असलं काम आपल्या गॅरेजमध्ये नको.

२. काम

कुलंट भांड्यात काढा. ते विषारी असतं आणि चवीला गोड, त्यामुळे कुत्र्या-मांजरांपासून लांब ठेवा, गटारात ओतू नका. गंजलेल्या बोल्टवर जोर लावू नका. आधी गंज सोडवणारं तेल मारा, थोडा वेळ द्या. बोल्ट आत तुटला, तर दिवस गेलाच समजा. कुठला बोल्ट कुठला, ते पुठ्ठ्यावर टोचून ठेवा, कारण लांबी वेगळी असू शकते.

जुनं पॅकिंग पूर्ण खरवडा, पण धातूवर चरा पडू देऊ नका. सरळ पट्टी लावून पृष्ठभाग सपाट आहे का बघा. सीलंट पातळच लावा. जास्त लावलं तर ते आत सुटून पाण्याच्या वाटा बुजवतं. पाण्याच्या पोकळीत उतरणाऱ्या बोल्टच्या आट्यांना सीलंट लावा. सगळे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा. बेल्ट अति ताणू नका, नव्या बेअरिंगचं आयुष्य कमी होतं. कुलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये भरा, हवा काढा, गाडी गरम करा, थंड झाल्यावर पातळी पुन्हा बघा.

३. हिशोब

समजा मजुरी ₹१,५०० आणि काम ४ तासांचं. म्हणजे ताशी ₹३७५. तीच गाडी आठवड्यात गळत परत आली, तर त्याच पैशात ८ तास, म्हणजे ताशी ₹१८७.५०. वर पॅकिंग आणि कुलंट खिशातून. टेस्टरची १५ मिनिटं वाचवली आणि ४ तास गमावले. हे परवडतं का, तुम्हीच सांगा.

म्हणून तीन सवयी लावा:

१. तपासणीचे पैसे वेगळे सांगा. काम आपल्याकडे केलं, तर बिलात वजा करा.
२. गळतीचा फोटो गिऱ्हाईकाला पाठवा, अंदाजपत्रक लेखी द्या, होकार आल्यावरच पंप खोला.
३. जुना पंप गिऱ्हाईकाच्या हातात द्या. काय खराब होतं, हे त्याने स्वतः बघितलं की बिलावर वाद होत नाही.

आणि फक्त क्लिप सैल असेल, तर क्लिपचेच पैसे घ्या. इंजिन तापून हेड वाकलं असतं, तो मोठा खर्च तुम्ही वाचवलात, हे मालकाला कळतं. पुढचं मोठं काम तो तुमच्याकडेच आणेल.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या धंद्यात कुठलं काम वारंवार परत येतं? त्याचे तास मोजा आणि वरच्यासारखा हिशोब वहीत मांडा. भेटू पुढच्या व्हिडिओत!