कोंबडीचे मांस आणि जंतुनाशक पाणी

प्रश्न : कोंबडीचे मांस ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडविल्यास निर्जंतुक होते काय?
– एक दुकानदार, संगमनेर

उत्तर : निर्जंतुक होत नाही, जंतूंची संख्या घटते, आणि तीही पाणी स्वच्छ असेल तोवरच. साल्मोनेला व कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू कोंबडीच्या आतड्यांत वास करीत असल्याने, कापताना आतडे फुटून मळ पसरला म्हणजे ते कातडीवरील पिसांच्या छिद्रांत दडून बसतात. आणि एकाच घमेल्यात कोंबडीमागून कोंबडी बुडविली की रक्त व चरबी यांच्या योगाने क्लोरीन निष्प्रभ होऊन तेच पाणी एकीचे जंतू दुसरीवर नेऊ लागते. अमेरिकेतील कोंबडी-प्रक्रिया कारखान्यांत पेरॲसिटिक आम्ल हे जंतुनाशक मोजून वापरतात, कारण त्याचे अखेर ॲसिटिक आम्ल, पाणी व प्राणवायू यांत विघटन होते. युरोपीय संघाने मात्र १९९७ पासून क्लोरीनने धुतलेल्या कोंबडीस मनाई केली आहे. असले द्रावण अंदाजपंचे करण्याची बाब नव्हे. सबब ब्लीचिंग पावडर वर्ज्य करावी, आतडे अखंड काढावे, पिण्यायोग्य वाहते पाणी वापरावे आणि मांस ४ अंश सेल्सिअसखाली ठेवावे. गिऱ्हाइकांसही बजावावे, की घरी मांस धुतल्याने शिंतोड्यांवाटे जंतू पसरतात. मांस आतपर्यंत ७४ अंश तापेल असे शिजविणे, हाच खात्रीचा उपाय होय.