क्रेडिट कार्डातील प्रवासी विमा : एक परिचय

प्रवासाच्या विम्याची कल्पना तशी जुनी आहे. १८४९ साली इंग्लंडमध्ये रेल्वे पॅसेंजर्स अ‍ॅशुरन्स कंपनी निघाली आणि आगगाडीच्या तिकिटाबरोबर विम्याचेही तिकीट खिडकीवर मिळू लागले. पहिल्या वर्गाच्या उतारूने तीन पेन्स भरले, तर अपघाती मृत्यूनंतर त्याच्या वारसांना एक हजार पौंड. तिसऱ्या वर्गाला एक पेनी आणि दोनशे पौंड. मरणालाही वर्ग होता! आज क्रेडिट कार्डाबरोबर मिळणारा विमा याच कुळातला. कार्ड जितके भारी तितकी रक्कम मोठी, हा वर्गभेद त्यानेही सोडलेला नाही.

हा विमा 'फुकट' असतो असे म्हणतात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने या शब्दाकडे संशयानेच पाहावे. हप्ता बँक भरते, आणि बँकेचे उत्पन्न कार्डाच्या वार्षिक शुल्कातून, थकबाकीवरील व्याजातून व दुकानदाराकडून घेतलेल्या आकारातून येते. विम्याचा करारही बँक आणि विमा कंपनी यांच्यात होतो. कार्डधारकाच्या हाती स्वतंत्र विमापत्र बहुधा येतच नाही. तो त्या सामूहिक विमापत्राचा एक लाभार्थी असतो. म्हणून त्या कराराच्या अटी मागवून वाचणे हे त्याचेच काम.

फसगत होते ती मात्र दुसऱ्याच ठिकाणी. माहितीपत्रकात पन्नास लाखांचे किंवा एक कोटीचे 'विमान अपघात संरक्षण' ठळक छापलेले असते, आणि वाचणारा समजतो की आपला सगळा प्रवास सुरक्षित झाला. समजा, मुलीच्या बाळंतपणासाठी आई अमेरिकेला गेली आणि तिथल्या थंडीत तिला न्यूमोनिया झाला. त्या कोटीतला एक रुपयाही तिच्या उपयोगाचा नाही. विमान पडून मृत्यू आल्यासच द्यावयाची ती ठराविक रक्कम आहे. इस्पितळाचा प्रत्यक्ष खर्च भरून देणारा विमा ही निराळी वस्तू. काही कार्डांत तोही असतो. पण रक्कम लहान, आणि आधीपासूनचा मधुमेह वा रक्तदाब सहसा वगळलेला. शेंगेन गटातील युरोपीय देशांच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो. तेथे नुसते कार्ड पुढे करून भागत नाही.

अटी आणखीही असतात. पुष्कळ कार्डांत तिकीट त्याच कार्डावर काढलेले असावे लागते. मुलाने स्वतःच्या कार्डावर वडिलांचे तिकीट काढले, तर वडिलांना संरक्षण मिळेलच असे नाही. ते कार्डधारकापुरतेच असू शकते. अपघातापूर्वी ठराविक दिवसांत कार्ड वापरलेले असावे, अशीही अट आढळते.

ही शेवटची अट केवळ श्रीमंतांपुरती नाही. जनधन खात्याच्या रुपे कार्डावर अपघात विमा आहे : २८ ऑगस्ट २०१८ पर्यंत उघडलेल्या खात्यांना एक लाख, त्यानंतरच्यांना दोन लाख. पण अपघातापूर्वीच्या ९० दिवसांत त्या कार्डाने एक तरी व्यवहार झालेला हवा. आपल्या खेड्यापाड्यांतील कितीतरी कार्डे ट्रंकेत, पासबुकाच्या घडीत जपून ठेवलेली असतात. जपून ठेवणे हाच येथे दोष ठरतो!

आणि दावा करणार कोण? ज्याला माहिती होती तोच गेलेला असतो. घरात कार्ड सापडते, पण त्यामागे विमा आहे हे विधवेला ठाऊक नसते. कळवण्याची मुदत तेवढ्यात उलटून जाते. पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, तिकीट, कार्डाचे विवरणपत्र हे सारे दुःखाच्या दिवसांत गोळा करायचे असते. नामनिर्देशन नसले तर त्यात वारसा-दाखल्याचे हेलपाटे.

रेल्वेचे उदाहरण ताडून पाहण्याजोगे आहे. सप्टेंबर २०१६ पासून संगणकावर आरक्षण करणाऱ्याला एक रुपयाहूनही कमी हप्त्यात दहा लाखांचा अपघात विमा घेता येतो, आणि येथे सर्व वर्गांना रक्कम सारखीच. मात्र तो मागावा लागतो. आरक्षणाच्या वेळी तशी खूण करायची, आणि नंतर विमा कंपनीकडून संदेश येतो त्यावरून वारसाचे नाव भरायचे. बहुतेक जण तो संदेश न उघडताच गाडीत बसतात.