झबलं डोक्यातून जात नाही

प्रश्न : वर्षाच्या लेकीसाठी पहिलंच झबलं शिवलं. ते डोक्यातून जात नाही, मुंडाही काचतो. धुतल्यावर आटलंही आहे. काय करू? – एक वाचक, चेन्नई

उत्तर : झबलं टाकू नका, ते नक्की सुधारेल! गळा मानेच्या नव्हे, डोक्याच्या मापाने बेतायचा. वर्षाच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ४५-४६ सेंमी असतो आणि विणलेलं सुती कापड ताणलं जात नाही. मागे मधोमध दहा सेंमी चीर द्या. मुंडा खालून सेंटिमीटरभर खोल कापा. कापलेल्या कडांना उरेब (तिरकी कापलेली) पट्टी लावा. सरळ पट्टी गोलाईत चुण्या पाडते. चेन्नईच्या दमट उकाड्यात सैल मलमलच सुखाची. गोडाऊन स्ट्रीटवरून नवी आणाल, तेव्हा आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कात्री लावा, म्हणजे शिवल्यावर आटणार नाही. चिरेला बटण नको, तुटलं तर बाळ तोंडात घालतं. बंद लावा, पण आखूड.