मूठ, चाप आणि त्यानंतरचे दोन सेकंद

शंका : दहा मीटर एअर पिस्तुलाचा सराव सव्वा वर्ष करते आहे. माझे बरेच छर्रे खाली डावीकडे लागतात. सर सांगतात, मूठ घट्ट धर. घट्ट धरली की हात थरथरतो. किती घट्ट धरायची? (अकरावीतील विद्यार्थिनी, सांगली)

सरांचं चुकत नाही, पण ‘घट्ट’ हा शब्द फसवा आहे. तू उजव्या हाताने मारतेस असं धरून चालतो. पिस्तुलात छर्रा नाही याची खात्री कर, ते समोर धर आणि साइटवर नजर ठेवून पाचही बोटं एकदम आवळ. पुढची साइट कुठे पळाली? खाली डावीकडे. तुझ्या टार्गेटवर तेच उमटतंय. म्हणजे चाप ओढताना तुझं एक बोट काम करत नाही, अख्खा पंजा करतो.

पिस्तूल डाव्या हाताने धरून उजव्या अंगठ्याच्या बेचक्यात खोलवर बसव. मधलं बोट आणि अनामिका यांनी दाब द्यायचा, तोही सरळ मागे, तळव्याकडे. करंगळी नुसती टेकलेली. अंगठा विसावलेला; तो दाबू लागला की साइट आडवी सरकते. तर्जनीचं मूळ लाकडाला चिकटता कामा नये, तिला चापाखेरीज दुसरं काम नाही. ताकदीचं म्हणशील, तर पहिल्या नेमाला जेवढी, तेवढीच साठाव्या नेमाला. चाप ओढायला लागल्यावर तिच्यात फरक नको. मी स्वतः तीन वर्षं उलट करत होतो: मूठ सैल धरायची आणि ऐन वेळी आवळायची. तीन वर्षं दोष मात्र छर्‍यांच्या डब्याला.

मूठ बरोबर बसली का, हे डोळे मिटून तपास. डोळे मिटून हात वर ने, थांब, डोळे उघड. पुढची साइट मागच्या खाचेच्या मधोमध नसेल तर मूठ चुकली. साइट जुळलेल्या आहेत पण पिस्तूल टार्गेटच्या बाजूला पाहतंय, तर मुठीला हात लावू नकोस, पाय सरकव. या दोन चुकांची गल्लत करणारे नेमबाज मी राज्य पातळीवरही पाहिले आहेत.

थरथरीचं म्हणशील तर ती सगळ्यांनाच असते. दोन साइटमधलं अंतर साधारण 33 सेंटिमीटर. पुढची साइट खाचेत एक मिलिमीटर हलली, तर दहा मीटरवर ती चूक तीसपट होते, तीन सेंटिमीटर. वर्तुळं आठ-आठ मिलिमीटरवर असतात, म्हणजे दहाचे सात झाले! उलट साइट जुळलेल्या ठेवून अख्खा हातच अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे झाला, तर छर्राही तेवढाच सरकतो आणि गुण दहाच मिळतात. तेव्हा हाताला हलू दे, मनगटाला नको.

शंका : छर्रा नळीतून निघून गेल्यावर हात स्थिर ठेवून काय साधतं? मी अभियंता आहे, मला यात तर्क दिसत नाही. (ठाणे)

तुमचा हिशेब बरोबर आहे. छर्रा सेकंदाला सुमारे दीडशे मीटर वेगाने जातो. चाप सुटल्यापासून नळीबाहेर पडायला त्याला सेकंदाचे काही हजारावे भाग लागतात. माणसाला आवाज ऐकून हालचाल करायला सेकंदाचा दहावा भाग तरी लागतो. म्हणजे आवाज ऐकल्यानंतर तुम्ही काहीही करा, गुण ठरून गेलेले असतात.

पण आवाज ऐकून कोण हात खाली घेतो? लोकलमध्ये ठाणं यायच्या आधीच दाराकडे सरकणारे प्रवासी तुम्ही रोज पाहता. गाडी थांबलेली नसते, मनाने ते उतरलेले असतात. नेमबाजाचंही तसंच. ‘सुटला की हात खाली’ असं डोक्यात असेल, तर खांदा तो हुकूम थोडा लवकर पाळतो आणि तेव्हा छर्रा नळीतच असतो. दोन सेकंद साइटवर नजर ठेवायची ती यासाठी, की सुटण्याचा क्षण हा शेवट आहे असं शरीराला वाटूच नये.

दुसरा उपयोग तपासणीचा. झटका बसल्यावर साइट उचलते आणि परत येते. जिथून निघाली तिथेच आली, तर मूठ नीट. प्रत्येक वेळी डावीकडे येऊन बसत असेल, तर हातात कुठेतरी एकांगी दाब आहे. स्क्रीनकडे पाहण्याआधी छर्रा कुठे लागला असेल ते मनाशी बोला, मग पाहा. पहिले आठ दिवस अंदाज साफ चुकतील. घरी कोर्‍या भिंतीसमोर रोज तीस वेळा ड्राय फायर करा. पिस्तूल रिकामं आहे हे आधी दोनदा तपासून, आणि भिंतीपलीकडे कोणी नाही हे पाहून. टार्गेट नसलं की नजर आपोआप साइटवर राहते.

25 मीटरच्या जलद फेरीत मात्र ही चैन नाही. तिथे टार्गेट तीन सेकंद दिसतं, मग सात सेकंद थांबा, असं पाच वेळा. हात खाली घ्यावाच लागतो, पण टार्गेट वळेपर्यंत नजर साइटवर हवी. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण जिंकलं, तेही शूट-ऑफ खेळून. त्या फेरीचं चित्रण मिळालं तर गुणफलक सोडून तिचा हात पाहा.

शंका : मुलाच्या हाताला ग्रिप मोठी होते. नवीन पिस्तूल घ्यावं का? (पालक, नाशिक)

नको. आधी तळहाताखालची सरकती पट्टी वर घ्या. तरी पोकळी राहिली, तर तेवढ्याच जागी लाकडाची पुट्टी भरून सँडपेपरने घासा. एका दिवसात सगळं कोरू नका. भरलेलं काढता येतं, कोरलेलं परत येत नाही. मनगट मोकळं राहिलं पाहिजे आणि पिस्तूल तपासणीच्या 420 × 200 × 50 मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे. हे स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी कळण्यात अर्थ नाही.

शंका : पॅरिस ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानच्या युसुफ डिकेचने खिशात हात घालून रौप्य मिळवलं. तो रुबाब होता का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, पुणे)

रुबाब कसला! मोकळा हात लोंबकळला की खांदा हलतो, म्हणून तो कुठेतरी अडकवायचा. बालेवाडीच्या रेंजवर जाऊन बघ, कुणाचा खिशात तर कुणाचा पट्ट्यात दिसेल. डिकेच 2008 पासून ऑलिंपिक खेळतोय, एवढंच जगाला त्या दिवशी कळलं.