पुरावा वाचला, की नुसता फायलीला लावला?

एखाद्या न्यायाधिकरणाचा किंवा समितीचा निर्णय विरुद्ध गेला, की आपल्याकडे सर्रास म्हणतात, "हायकोर्टात जाऊ, तिथे सगळा पुरावा पुन्हा तपासतील." हा समज कितपत खरा आहे, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

राज्यघटनेच्या कलम २२६ प्रमाणे उच्च न्यायालयाला अशा निर्णयाची छाननी करता येते. परंतु छाननी आणि अपील यांत मोठा फरक आहे. अपिलात पुरावा पुन्हा तोलता येतो. छाननीत तो रीतसर तोलला गेला की नाही, एवढेच पाहिले जाते. १९६३ साली सय्यद याकूब खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा भेद स्पष्ट केला. तंटा मद्रासकडील एका बस परवान्याचा होता आणि निकालपत्र साताऱ्यात जन्मलेल्या न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांचे होते. निष्कर्ष चुकीचा वाटतो, एवढ्यावरून न्यायालय हात घालत नाही. मात्र ग्राह्य पुरावा नाकारला, अग्राह्य पुराव्यावर निर्णय बेतला किंवा पुराव्याविनाच निष्कर्ष काढला, तर निर्णय रद्द होऊ शकतो.

आपल्या राज्यात विद्यार्थ्यांना हा प्रश्न सर्वांत जवळून भेटतो तो जात पडताळणीत. महाराष्ट्राच्या २००० सालच्या कायद्याने जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकली आहे. समितीचा निर्णय अंतिम असतो. त्याला आव्हान फक्त कलम २२६ खाली उच्च न्यायालयातच देता येते.

दोन निकाल शेजारी ठेवून पाहू. २०११ साली हळबी जमातीच्या एका दाव्यात समितीने कागदोपत्री पुरावा सहज बाजूला सारला, असे सर्वोच्च न्यायालयास दिसले. स्वातंत्र्यपूर्व कागदांना अधिक वजन द्यावे, चालीरीतींवरून घेतली जाणारी आप्तभाव चाचणी ही एकमेव कसोटी मानू नये, असे न्यायालयाने सांगितले. तरीही न्यायालयाने स्वतः जमात ठरवली नाही. प्रकरण फेरतपासणीसाठी समितीकडे परत पाठवले.

दुसरा निकाल अमरावतीच्या तत्कालीन खासदार नवनीत राणा यांचा. समितीने २०१७ साली त्यांचा मोची जातीचा दाखला वैध ठरवला होता. जून २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला व दोन लाख रुपये दंड केला. ४ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समितीचा निर्णय कायम केला. समितीने दोन्ही बाजू ऐकून कागदपत्रे विचारात घेतली असता उच्च न्यायालयाने पुरावा नव्याने तोलायला नको होता, असा त्याचा आशय.

मला ही मर्यादा योग्य वाटते. प्रत्येक पुरावा न्यायालयच तोलू लागले, तर समिती कशाला? पण ही मर्यादा न्याय्य ठरण्यास एक अट हवी: समितीने प्रत्येक महत्त्वाच्या कागदाविषयी तो का स्वीकारला किंवा का नाकारला, हे लिहिले पाहिजे. कारणेच नसतील, तर कागद वाचला की नाही हे न्यायालयास कळणार कसे?

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. ज्यांचे आजोबा शाळेत न जाता गिरणीत गेले, त्यांच्यापाशी जुना दाखला एखादाच सापडतो. तो एकच कागद समितीपुढे वेळेवर ठेवणे हे आपले काम, आणि तो वाचून त्यावर दोन ओळी लिहिणे हे समितीचे. न्यायालय पाहील ते त्या दोन ओळीच.